बोरूपासून बेझिएपर्यंत: देवनागरी अक्षराचा संगणकप्रवास

१/ रावेर हा केळीचा तालुका. केळीच्या पेटीवरील नाव असो, दुकानाची पाटी असो वा चौकातील शुभेच्छाफलक. आज ही अक्षरे बहुधा व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये आखली जातात. इथून कला महाविद्यालयात गेलेला विद्यार्थी ज्या ‘पेन टूल’शी पहिले काही महिने झगडतो, त्याची वंशावळ फ्रान्समधील मोटार कारखान्यांपर्यंत पोहोचते.

२/ मोटारीच्या पत्र्याचा बाक नकाशावरून यंत्रापर्यंत हुबेहूब नेणे ही तेथील अडचण होती. सित्रोएनमधील पॉल द कास्तेल्झो यांनी १९५९ मध्ये त्यावर गणिती उपाय शोधला. कंपनीने तो गुप्त ठेवला. पुढे रेनोमधील पिएर बेझिए यांनी तशाच वक्ररेषा स्वतंत्रपणे विकसित करून प्रसिद्ध केल्या. म्हणून नाव बेझिए यांचे राहिले.

३/ या वक्ररेषेला दोन टोके आणि रेषेला आपल्याकडे ओढणारे दोन नियंत्रणबिंदू असतात. संगणक ठिपके नव्हे, हे बिंदू लक्षात ठेवतो. त्यामुळे तेच अक्षर पेटीच्या चिठ्ठीवर आणि वीस फुटी फलकावर सारखेच रेखीव उमटते.

४/ १९८४ मध्ये अडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही मुद्रणभाषा आली, १९८७ मध्ये इलस्ट्रेटर आणि १९८९ मध्ये कोरल ड्रॉ. मोटारीची वक्ररेषा अशी अक्षरांच्या कामाला लागली.

५/ पण देवनागरीचे वळण घडले ते तिरक्या छाटलेल्या बोरूने. रोमन अक्षरांतील जाड-बारीकपणाचा कल देवनागरीत उलटा असतो. सॉफ्टवेअरला बोरू ठाऊक नाही. त्याला केवळ बाह्यरेषा कळते. बोरूची जाण नसलेल्या हातून ‘अ’ किंवा ‘क्ष’ गुळगुळीत उतरतो, पण परका वाटतो.

६/ ही दरी ओळखणाऱ्यांत अग्रणी होते सुलेखनकार र. कृ. जोशी. जाहिरातक्षेत्रातून आलेल्या जोशींनी आयआयटी मुंबईच्या अभिकल्प केंद्रात अध्यापन केले. मुंबईच्या एनसीएसटी संस्थेत ‘विन्यास’ ही अक्षरनिर्मितीची संगणकप्रणाली घडवण्यात त्यांचा वाटा होता. विंडोज २००० सोबत घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा टंकही त्यांचाच.

७/ दरम्यान छपाईच्या दुकानांत वेगळीच अडचण होती. प्रत्येक कंपनीच्या मराठी टंकाची संकेतरचना निराळी. दुसऱ्या संगणकावर तो टंक नसेल तर मजकुराचा गोंधळ होई. उपाय एकच: मजकूर ‘कर्व्ह’ करून पाठवणे. छपाई अचूक होई, पण शब्दाचे चित्र बनून जाई. मग त्यात ना दुरुस्ती शक्य, ना शोध. असंख्य पत्रिका आणि फलकांचा मराठी मजकूर अशा फायलींत अडकून पडला.

८/ युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे संकेतांक मिळाले. मात्र आरेखनाची सॉफ्टवेअरे जोडाक्षरे नीट जुळवू लागण्यास पुढे बरीच वर्षे गेली. आज २००३ मध्ये सुरू झालेले इंकस्केप आणि एक टाइप या समूहाचा ‘मुक्त’ टंक, दोन्ही विनामूल्य मिळतात.

९/ म्हणून विद्यार्थ्याने दोन सवयी लावून घ्याव्यात. आधी बोरूने अक्षर गिरवून मग त्यावर कमीत कमी बिंदूंची बाह्यरेषा आखावी. आणि ‘कर्व्ह’ केलेल्या फाइलशेजारी टंकलिखित मजकुराची मूळ प्रतही जपावी. उद्याच्या संशोधकाला रावेरच्या पेठेतील आजचे शब्द शोधायचे झाले, तर ते त्या प्रतीतच सापडतील.