पंखा बंद करण्याची खटपट

पडद्यावर दोन माणसं कुजबुजत असतात आणि नेमका तेव्हाच टीव्हीखालच्या कॅबिनेटमधला पंखा घरघरू लागतो. 2004च्या सुमारास हॉलमध्ये कॉम्प्युटर आणून ठेवणाऱ्यांचं हे खरं दुखणं होतं. सोफ्यावर बसून रिमोटने चालवायचा कॉम्प्युटर ही कल्पना मायक्रोसॉफ्टने 2002मध्ये 'विंडोज एक्सपी मीडिया सेंटर एडिशन' आणून बाजारात उतरवली होती. पण डेस्कटॉपचे प्रोसेसर भलत्याच दिशेने निघाले होते. फेब्रुवारी 2004मध्ये आलेल्या पेंटियम 4 'प्रेस्कॉट'ची वरची मॉडेलं 100 वॉटच्या पुढे गेली. घरात एवढ्याच वॉटचा पिवळा बल्ब असे, त्याला हात लावून पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

उष्णता बाहेर काढायला हवा लागते आणि हवेला पंखा. इथे एक गणित हौशी लोकांच्या मदतीला आलं. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, आवाज मात्र ढोबळमानाने 15 डेसिबलने उतरतो. म्हणजे एका वेगवान पंख्याऐवजी निम्म्या वेगाचे दोन लावले, तर हवा साधारण तेवढीच आणि आवाज 12 डेसिबलने कमी. म्हणून 80 मिलिमीटरचे पंखे काढून 120चे बसवायची चाल पडली. हार्डडिस्कचं चिवचिवणं वेगळं. सीगेटच्या 2001च्या 'बाराकुडा एटीए 4'मध्ये छऱ्यांच्या जागी द्रवाचे बेअरिंग होते, म्हणून तिला मागणी. काहीजण तर कॅबिनेटच्या पत्र्याला कंप पोचू नये म्हणून डिस्क इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर टांगून ठेवत.

(आपल्याकडे वर सीलिंग फॅन फिरत असताना हे कौतुक कशाला, असं कुणी विचारेल. पण प्रोसेसर 70 अंशांखाली ठेवायचा तर 20 अंशांच्या खोलीत 50 अंशांचा फरक हाताशी असतो, नागपूरच्या मे महिन्यात तीसही मिळत नाही. गरजही आपल्यालाच जास्त.)

मला यात सगळ्यात गमतीचा वाटतो तो पेंटियम एम. इंटेलच्या हैफातल्या चमूने लॅपटॉपसाठी केलेला, 2003मध्ये आलेला हा प्रोसेसर 24.5 वॉटमध्ये भागवायचा. तो डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर बसावा म्हणून असूसने 2005मध्ये 'सीटी-479' नावाचा अडॅप्टरच काढला. इंटेलने प्रेस्कॉटचा पुढचा अवतार 'तेजस' मे 2004मध्ये रद्द केला होता. 2006चा कोअर 2 ड्युओ पेंटियम एमच्याच वंशातला आणि बहुतेक मॉडेलं 65 वॉटची. पंखे बदलून जे साधत नव्हतं, ते मुळात कमी तापणाऱ्या चिपने साधलं.

उरलेलं काम 2007मध्ये ग्राफिक्स कार्डांनी केलं. एनव्हिडियाच्या जीफोर्स 8600ने आणि एएमडीच्या रेडिऑन एचडी 2600ने एच.264 व्हिडिओ उलगडण्याचं काम प्रोसेसरकडून जवळजवळ काढूनच घेतलं. 2012मध्ये रास्पबेरी पाय आला. 35 डॉलरची पाटी, पंखा नाही, आणि 1080पी सिनेमा बिनतक्रार चालतो. एसएमपीएस कुठला, हीटसिंक किती उंच, या चर्चाच मिटल्या.

त्याच काळात सिनेमाही घरातल्या डिस्कवरून उठून दुसऱ्यांच्या सर्व्हरवर गेला. शांतता मिळाली, पण माझ्या मते ती महागात पडली. 2015मध्ये विंडोज 10मधून मीडिया सेंटर वगळलं गेलं. अमेरिकेत केबलवरच्या संरक्षित चॅनेलांवरून त्यात रेकॉर्ड केलेले कार्यक्रम फक्त रेकॉर्ड करणाऱ्या कॉम्प्युटरवरच चालत. त्यामुळे काहींनी ते जुने डबे, पंख्यासकट, तसेच चालू ठेवले.