सिंहगड–राजगड–तोरणा डोंगरमार्ग

सिंहगड–राजगड–तोरणा डोंगरमार्ग हा महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या रांगांमधून जाणारा आणि तीन ऐतिहासिक किल्ल्यांना जोडणारा पायी मार्ग आहे. गिर्यारोहकांमध्ये तो दीर्घकाळ परिचित असून साधारणपणे दोन दिवसांत चालून पूर्ण केला जातो. अलीकडच्या काळात दीर्घ पल्ल्याच्या डोंगरी धावण्यासाठीही तो वापरला जाऊ लागला आहे. मार्गाच्या नावातील आद्याक्षरांवरून 'एसआरटी' हे संक्षिप्त नाव रूढ झाले आहे. राजगड हा किल्ला जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या 'मराठा लष्करी भूप्रदेश' या समूहातील बारा किल्ल्यांपैकी एक आहे.

भूरचना

हा प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. त्यांतील कठीण थरांचे उभे कडे राहिले, तर ठिसूळ थर झिजून त्यांच्या जागी उतार व सपाट्या निर्माण झाल्या. किल्ल्यांची रचना याच नैसर्गिक पायऱ्यांवर झालेली दिसते. कड्यांनी वेढलेल्या माथ्यावर बालेकिल्ला आणि त्याखालच्या सपाटीवर माची अशी ही विभागणी आहे.

सिंहगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १,३१२ मीटर, राजगडाची सुमारे १,३७६ मीटर, तर तोरण्याची सुमारे १,४०३ मीटर आहे. पायथ्याची गावे साधारण ७०० मीटर उंचीच्या आसपास वसलेली आहेत. सिंहगड आणि राजगड यांच्यामध्ये गुंजवणी नदीचे खोरे असल्याने वाट पूर्णपणे खाली उतरून पुन्हा वर चढते. राजगड व तोरणा हे दोन किल्ले मात्र एकाच डोंगरधारेने जोडलेले असल्यामुळे त्यांच्यामधील वाट तळाशी न उतरता धारेवरूनच जाते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सिंहगडाचे जुने नाव कोंढाणा. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाच्या सैन्याने त्यास वेढा घातला, तेव्हा किल्ला नाग नायक या कोळी सरदाराच्या ताब्यात होता. तोरणा किल्ला शिवाजी महाराजांनी आपल्या राजकीय कारकिर्दीच्या आरंभी घेतला व त्यास प्रचंडगड असे नाव दिले. जवळच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर त्यांनी राजगडाची उभारणी केली. रायगडाकडे राजधानी हलविली जाईपर्यंत राजगड हेच स्वराज्याचे मुख्य ठिकाण होते.

इ.स. १६६५ च्या पुरंदरच्या तहानुसार तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यांत कोंढाण्याचा समावेश होता. राजगड व तोरणा मात्र महाराजांकडे राहिलेल्या बारा किल्ल्यांत होते. परिणामी राजधानीसमोरचा बलाढ्य किल्ला शत्रूच्या हाती गेला. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांनी रात्रीच्या वेळी कडा चढून कोंढाणा जिंकून घेतला. या लढाईत तानाजी आणि किल्लेदार उदेभान हे दोघेही मारले गेले.

छत्रपती राजाराम महाराजांचे निधन इ.स. १७०० मध्ये सिंहगडावर झाले. त्यानंतर औरंगजेबाने हे तिन्ही किल्ले आजच्या मार्गाच्याच क्रमाने घेतले: १७०३ मध्ये सिंहगड, १७०४ च्या आरंभी राजगड आणि त्यानंतर लगेच तोरणा. आजचे धावपटू जे अंतर एका दिवसात पार करतात, त्यासाठी बादशाही फौजेला जवळपास एक वर्ष लागले. किल्लेदारांचा प्रतिकार, अवघड चढ आणि मधला पावसाळा ही त्याची प्रमुख कारणे होत.

मार्गाचे टप्पे

*सिंहगड ते गुंजवणी खोरे.* सिंहगडावर पायी चढण्यासाठी आतकरवाडीची वाट सर्वाधिक वापरात आहे. ती पुणे दरवाजापाशी पोहोचते. या बाजूस एकामागून एक असे तीन दरवाजे आहेत. गड ओलांडल्यावर मार्ग कल्याण दरवाजातून बाहेर पडतो. १६७० च्या लढाईत तानाजींचे बंधू सूर्याजी याच दरवाजाच्या बाजूने आत आले, अशी परंपरागत माहिती आहे. तेथून वाट डोंगरधारेवरील लहानमोठ्या टेकड्या ओलांडत विंझर गावाकडे उतरते. या टप्प्यात ढोरवाटा अनेक असल्याने चुकण्याचा संभव जास्त असतो.

*गुंजवणे ते राजगड.* विंझरहून गाडीरस्त्याने राजगडाच्या पायथ्याचे गुंजवणे गाव गाठता येते. येथून चोर दरवाजाची वाट थेट पद्मावती माचीवर जाते. शेवटच्या भागात खडा चढ व कातळात खोदलेल्या पावठ्या आहेत. पाली गावाच्या बाजूने येणारी वाट रुंद व पायऱ्यांची असून ती पूर्वीचा राजमार्ग मानली जाते. पद्मावती माचीवर पद्मावती देवीचे मंदिर, तलाव व सईबाईंची समाधी आहे. सुवेळा आणि संजीवनी या गडाच्या अन्य दोन माच्या होत.

*राजगड ते तोरणा.* संजीवनी माची तीन टप्प्यांत उतरत जाते. तिच्या दुहेरी तटबंदीमुळे बाहेरची भिंत पडली तरी आतली शाबूत राहावी, अशी योजना होती. या माचीवरील अळू दरवाजातून बाहेर पडून वाट तोरण्याकडे जाणाऱ्या धारेवर येते. धारेवर गवताळ पट्टे, कारवीची दाट झाडी, मुरमाड उतार व काही कातळटप्पे आहेत. मध्ये खिंडीत गाडीरस्ता ओलांडावा लागतो. पुढे बुधला माचीवर चढून कोकण दरवाजातून तोरण्याच्या मुख्य भागात प्रवेश होतो. मेंगाई देवीच्या मंदिराजवळून बिनी दरवाजामार्गे वेल्हे गावात उतरल्यावर मार्ग संपतो.

धावमार्ग म्हणून वापर

पायवाटांवरील धावणे हा स्वतंत्र क्रीडाप्रकार म्हणून जगभर विकसित झाला आहे. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटनेच्या व्याख्येनुसार अशा मार्गात डांबरी अथवा फरसबंद रस्त्याचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक नसावे. मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटर अंतरापेक्षा लांब शर्यतीस 'अल्ट्रा' म्हणतात. सिंहगड–राजगड–तोरणा परिसरात 'एसआरटी अल्ट्रा' या नावाने शर्यत भरते. तीत ११, २५, ५३ व १०० किलोमीटर असे गट राहिले आहेत.

डोंगरी मार्गाची कठीणता केवळ अंतरावरून ठरत नाही. वरील संघटना त्यासाठी एक सोपे सूत्र वापरते: किलोमीटरमधील अंतरात, मीटरमधील एकूण चढाईला १०० ने भागून येणारी संख्या मिळवावयाची. उदाहरणार्थ, २५ किलोमीटरच्या मार्गात एकूण १,५०० मीटर चढाई असेल, तर तो मार्ग सपाटीवरील सुमारे ४० किलोमीटरइतक्या श्रमाचा समजला जातो. उतारांचा विचार या सूत्रात नाही. या मार्गावर मात्र उतारच अधिक घातक ठरतात, कारण सुट्या मुरमाचा घसारा पाय घसरण्यास कारणीभूत होतो आणि सततच्या उताराने मांडीचे स्नायू व गुडघे यांवर मोठा ताण येतो.

मार्गाचे आणखी एक वैशिष्ट्य त्याच्या लष्करी हेतूशी निगडित आहे. गडावरील वाटा येणाऱ्याची गती कमी करण्यासाठीच आखलेल्या होत्या. बुरुजांच्या आड दडलेले दरवाजे, अचानक वळणारी वाट, असमान उंचीच्या पायऱ्या आणि एका वेळी एकच मनुष्य जाऊ शकेल असे कातळटप्पे ही या रचनेची साधने होत. चोर दरवाजा, अळू दरवाजा व बुधला माचीची चढण येथे धावपटूंनाही एकेरी रांगेत, चालत जावे लागते. त्यामुळे एका वेळी किती माणसे या वाटेवर सोडता येतील, याची मर्यादा तीन-साडेतीन शतकांपूर्वीच्या बांधकामानेच ठरवून दिली आहे.

ऋतुमान व सुरक्षितता

जून ते सप्टेंबर या काळात येथे जोरदार पाऊस व दाट धुके असते. कातळ निसरडे होतात आणि धारेवरील वाट दिसेनाशी होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल मानला जातो. मार्चनंतर उन्हाचा ताप वाढतो व टाक्यांतील पाणी कमी होते. राजगड व तोरणा यांमधील धारेवर पाण्याची खात्रीची सोय नसल्याने राजगडावरच पाणी भरून घेणे आवश्यक असते. गडांवरील टाक्यांचे पाणी गाळून व शुद्ध करूनच प्यावे.

कडेकपारींतील आग्या मोहोळे हा या भागातील खरा धोका आहे. धूर व उग्र वासाची सुगंधी द्रव्ये यांमुळे माश्या उठतात, अशा वेळी अरुंद वाटेवरून पळताना दरीत पडण्याचे भय असते. हिवाळ्याच्या अखेरीस वाळलेल्या गवतास वणवा लागण्याचा संभवही असतो. एकट्याने न जाणे, पायथ्याच्या गावात आपला मार्ग व परतीची वेळ सांगून ठेवणे, विजेरी, शिट्टी व प्रथमोपचाराचे साहित्य जवळ बाळगणे ही किमान दक्षता होय. अपघात झाल्यास जखमी व्यक्तीला धारेवरून खांद्यावर किंवा झोळीतून खाली आणावे लागते आणि त्यात बराच वेळ जातो. अशा प्रसंगी पहिली मदत बहुधा स्थानिक ग्रामस्थांचीच मिळते.

वास्तूंचे जतन

वाढत्या वर्दळीचा परिणाम वाटांवर व बांधकामांवर होतो. घसाऱ्याचा भाग टाळण्यासाठी लोक वाटेच्या कडेने उतरू लागले की गवताचे आच्छादन नष्ट होते, पावसाच्या पाण्याने तेथे घळ पडते आणि मूळ वाट आणखी रुंद व निसरडी होते. जुन्या पायऱ्या व तटाच्या भिंती यांतील अनेक दगड सुटे झालेले आहेत. जंग्यांमधून चढणे, तटावरून धावणे किंवा दिशादर्शनासाठी दगडांवर रंगाच्या खुणा करणे यांमुळे त्यांची हानी होते. शर्यतीच्या वेळी कापडी फिती बांधून शर्यत संपताच त्या काढून घेणे हा निरुपद्रवी पर्याय आहे.

राजगड हा राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीतील संरक्षित किल्ला आहे. जागतिक वारसा दर्जामुळे त्याकडे येणाऱ्यांचे लक्ष वाढले असून, त्याबरोबरच किल्ल्याचे मूळ स्वरूप अबाधित राखण्याची जबाबदारीही वाढली आहे.

महाराष्ट्रातील अन्य मार्ग

सातारा येथे २०१२ पासून होणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन ही डोंगरी शर्यत असली, तरी ती यवतेश्वर घाटातील डांबरी रस्त्यावरून धावली जाते. तिचे अंतर २१.१ किलोमीटर आहे. अजिंक्यतारा किल्ला हा शहरालगतचा ऐतिहासिक शेजार तिला लाभला आहे.

मराठवाड्यातील धाराशिव जिल्ह्यात बालाघाट डोंगररांगेचे स्वरूप सह्याद्रीहून भिन्न आहे. तेथे उंच सुळक्यांऐवजी सपाट पठारे व त्यांच्या कडांवरील घाट आढळतात, तर धाराशिव लेणी, तुळजापूर व बेंबळी ही स्थळे याच डोंगराळ-पठारी मुलखात येतात. नळदुर्गाचा किल्ला उत्तुंग कड्यावर नसून बोरी नदीच्या वळणाचा आधार घेऊन उभा आहे. कमी चढाई, रुंद वाटा व कोरडी हवा यांमुळे असा प्रदेश नवशिक्या धावपटूंच्या सरावास अधिक सोयीचा ठरतो. उन्हाळ्यातील तीव्र उष्णता व पाण्याची टंचाई या मात्र तेथील प्रमुख अडचणी होत.