विद्यार्थ्यांचा कौल आणि प्राध्यापकांचे शिकवणे

विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या अध्यापनावर लेखी अभिप्राय देण्याची पद्धत आज जगभरच्या महाविद्यालयांत रुळली आहे. सत्र संपत आले की प्रश्नावली भरून घेतली जाते. विषय नीट समजला का, तास वेळेवर झाले का, शंकांचे निरसन झाले का, गुण देताना पक्षपात झाला नाही ना, असे प्रश्न त्यात असतात. उत्तरांना बहुधा 1 ते 5 असे गुण देऊन त्यांची सरासरी काढतात. या कागदावर दोन कामे सोपवलेली आहेत. शिकवणाऱ्याला आपल्या उणिवा कळाव्यात आणि शिकवणे सुधारावे, हे पहिले. नेमणूक, पदोन्नती आणि वेतनवाढ यांचे निर्णय घेताना संस्थेला आधार मिळावा, हे दुसरे. या दोन कामांतली ओढाताण हाच या पद्धतीच्या इतिहासाचा गाभा आहे.

विद्यार्थ्यांनी शिक्षकांना जाब विचारण्याची प्रथा प्रश्नावलीपेक्षा कितीतरी जुनी आहे. इटलीतल्या बोलोन्या शहरात बाराव्या-तेराव्या शतकांत कायदा शिकण्यासाठी युरोपभरातून तरुण येत. परमुलखात आपले हित राखायला त्यांनी संघ बांधले, आणि तिथले विद्यापीठ म्हणजे मुळात विद्यार्थ्यांचे हे संघच होते. शिक्षकांची मिळकत विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालत असल्याने संघाचा शब्द मोडणे त्यांना परवडत नसे.

संघांच्या नियमावलीत शिक्षकांवर बारीक बंधने होती. एका दिवसाची गैरहजेरी असली तरी परवानगी घ्यावी लागे. शहराबाहेर जायचे तर परत येण्याची हमी म्हणून अनामत ठेवावी लागे. घंटा झाली की व्याख्यान सुरू करायचे आणि पुढची घंटा झाली की थांबायचे. नेमाच्या व्याख्यानाला पाच श्रोतेही जमले नाहीत, तर शिक्षक गैरहजर धरला जाई आणि त्याला दंड होई. ग्रंथाचे भाग पाडून प्रत्येक भाग कोणत्या दिवसापर्यंत संपवायचा हेही ठरलेले असे. त्यासाठी शिक्षकाने सराफाकडे आगाऊ रक्कम ठेवायची. भाग वेळेत संपला नाही की दंड त्या रकमेतून वळता होई. या सगळ्यावर नजर ठेवायला विद्यार्थ्यांतूनच काही जण गुपचूप नेमलेले असत. पुढे नगराच्या तिजोरीतून शिक्षकांना पगार मिळू लागला, तशी विद्यार्थ्यांची ही सत्ता ओसरली. पॅरिसला विद्यापीठ मुळातच शिक्षकांच्या संघाचे होते, आणि उत्तर युरोपात बहुतेक ठिकाणी तोच नमुना रुजला. बोलोन्याची शिस्त कडक होती, पण ती हजेरी, वेळ आणि संपलेला भाग एवढेच मोजत होती. शिकवलेले समजले का, हा प्रश्न तिच्या कक्षेत नव्हता.

तो प्रश्न पद्धतशीरपणे विचारला जाऊ लागला विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, अमेरिकेत. तिथे तो दोन बाजूंनी पुढे आला. विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहिले तर हार्वर्डच्या ‘हार्वर्ड क्रिमसन’ या विद्यार्थी दैनिकाने 1925 मध्ये अभ्यासक्रमांची एक मार्गदर्शिका काढली. कोणता विषय घ्यावा आणि कोणता टाळावा याचा सल्ला विद्यार्थीच विद्यार्थ्यांना देत होते. दुसऱ्या बाजूला इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स आणि त्यांचे सहकारी जी. सी. ब्रँडेनबर्ग हे मानसशास्त्रज्ञ मोजमापाचे साधन घडवत होते. ‘पर्ड्यू रेटिंग स्केल’ या नावाने ते साधन प्रसिद्ध झाले आणि त्यावरचा प्रायोगिक अहवाल 1927 मध्ये आला. त्यात प्राध्यापकाचे दहा गुण तपासले जात. विषयाची गोडी, विद्यार्थ्यांविषयी आस्था, गुणदानातली निःपक्षता, विषयाची मांडणी, विनोदबुद्धी, आत्मविश्वास आणि जिज्ञासा जागवण्याची हातोटी यांच्या बरोबरीने लकबी आणि पेहराव-टापटीप यांनाही त्या यादीत जागा होती.

रेमर्स यांनी पुढची कित्येक वर्षे या विषयाला वाहून घेतली. भरपूर गुण देणाऱ्या प्राध्यापकाला विद्यार्थी चांगला म्हणतात का, कोवळ्या वयात दिलेले मत पुढे बदलते का, अशा आक्षेपांना त्यांनी आकडेवारीने उत्तरे शोधली. शिक्षण संपवून बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांची मते आणि वर्गात बसलेल्यांची मते बऱ्याच अंशी जुळतात, असे त्यांना 1950 च्या सुमारास आढळले. वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ एडविन गथ्री यांनीही हेच काम चिकाटीने चालवले. या पिढीसाठी अभिप्राय हा मुख्यतः शिक्षकाला स्वतःचे शिकवणे विद्यार्थ्यांच्या नजरेतून दाखवणारा आरसा होता.

1960 च्या दशकात चित्र पालटले. महाविद्यालयांतली विद्यार्थिसंख्या झपाट्याने फुगली, वर्ग मोठे झाले आणि विद्यार्थी चळवळींनी अभ्यासक्रमात आपला आवाज मागितला. कॅलिफोर्नियात बर्कले येथे ‘स्लेट’ या विद्यार्थी संघटनेने विद्यापीठाच्या अधिकृत माहितीपुस्तकाला जोड म्हणून प्राध्यापकांच्या शिकवण्यावर परखड अभिप्राय छापायला सुरुवात केली. विद्यार्थी आपापल्या परीने गुण देणारच असतील, तर ते काम शास्त्रशुद्ध रीतीने संस्थेनेच करावे, असा विचार बळावला. कॅन्सस स्टेट विद्यापीठात आणि इतरत्र तयार प्रश्नावल्या बनल्या. खुणा केलेले कागद यंत्राने वाचता येऊ लागल्याने हजारो उत्तरांची बेरीज स्वस्तात होऊ लागली. पुढच्या दशकात प्राध्यापकांच्या नोकऱ्यांची चणचण भासू लागली. कोणाला सेवेत कायम करायचे आणि कोणाला नाही, हे ठरवताना प्रशासनाला एखादा आकडा हवा होता, आणि तो या कागदात आयताच मिळाला. अमेरिकेतल्या कला-विज्ञान महाविद्यालयांच्या पाहणीत पीटर सेल्डिन यांना आढळले की 1973 मध्ये सुमारे 29 टक्के महाविद्यालये अशी प्रश्नावली वापरत होती. 1983 मध्ये हे प्रमाण 68 टक्क्यांवर आणि 1993 मध्ये 86 टक्क्यांवर गेले.

आकडा निर्णायक ठरू लागला, तसा तो नेमके काय मोजतो हा प्रश्नही टोकदार झाला. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या वादात आजही सांगितला जातो. डोनाल्ड नाफ्टुलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायकेल फॉक्स नावाच्या नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ बनवले, मानवी वर्तनाला गणित लावणारे तज्ज्ञ अशी त्याची ओळख करून दिली आणि वैद्यकीय शिक्षणातील गणिती खेळ-सिद्धांत या विषयावर व्याख्यान द्यायला उभे केले. समोर मानसोपचार, मानसशास्त्र आणि समाजकार्य या क्षेत्रांत शिकवणारी अनुभवी मंडळी होती. व्याख्यानात परस्परविरोधी विधाने, बनावट शब्द आणि असंबद्ध दाखले ठासून भरले होते. मात्र बोलणे रसाळ आणि प्रसन्न होते. तासाभराचे भाषण आणि अर्ध्या तासाची प्रश्नोत्तरे होऊनही कोणाला शंका आली नाही. चित्रफीत दाखवलेले आणखी दोन गट धरून 55 जणांनी अभिप्राय दिले आणि बहुतेक अनुकूल निघाले. या डॉक्टरांचे लेखन आपण वाचले आहे, असेही एकाने लिहिले. श्रोत्यांना काय समजले याची परीक्षा प्रयोगात घेतली नव्हती, अशी टीका पुढे झाली आणि ती रास्त आहे. तरीही आवडलेले व्याख्यान आणि शिकवून गेलेले व्याख्यान एकच असते असे गृहीत धरता येत नाही, हे त्याने ठसवले.

संशोधनाचा कौल नंतरही एकमुखी राहिला नाही. पीटर कोहेन यांनी 1981 मध्ये एकाच विषयाच्या अनेक तुकड्या आणि सामायिक परीक्षा असलेले अभ्यास एकत्र करून पाहिले. चांगला अभिप्राय मिळालेल्या प्राध्यापकांच्या तुकड्या परीक्षेतही सरस ठरतात, असा मध्यम स्वरूपाचा संबंध त्यांना दिसला. याच प्रकारच्या पुराव्याची फेरतपासणी करून बॉब उटल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये हा संबंध जवळजवळ नाकारला. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी 2010 मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीतील दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती तपासली. तिथे विद्यार्थी कोणत्या प्राध्यापकाच्या वर्गात जातील हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. ज्या प्राध्यापकांकडे चालू विषयात गुण वाढत, त्यांना अभिप्रायही चांगले मिळत. पण त्यांचे विद्यार्थी पुढच्या प्रगत विषयांत मागे पडत.

पूर्वग्रहाचा प्रश्न याहून नाजूक आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात लिलियन मॅकनेल आणि सहकाऱ्यांनी ऑनलाइन वर्गाच्या तुकड्या केल्या. एक पुरुष आणि एक स्त्री अशा दोन साहाय्यक शिक्षकांनी प्रत्येकी एका तुकडीला स्वतःच्या नावाने आणि एकीला दुसऱ्याच्या नावाने शिकवले. तपासलेले काम सगळ्यांना एकाच वेळी परत मिळत होते. तरी तत्परतेसाठी पुरुषाच्या नावाला पाचपैकी 4.35 आणि स्त्रीच्या नावाला 3.55 गुण मिळाले. अशा पुराव्यांची दखल घेऊन 2018 मध्ये कॅनडात टोरोंटोच्या रायर्सन विद्यापीठासंबंधीच्या एका लवादाने निवाडा दिला, की पदोन्नती आणि कायम नेमणूक यांसाठी अध्यापनाची परिणामकारकता या सरासरीवरून मोजू नये.

दरम्यान ही पद्धत देशोदेशी पसरली. ऑस्ट्रेलियात पॉल रॅम्सडेन यांच्या प्रश्नावलीवरून 1990 च्या दशकात पदवीधरांची राष्ट्रीय पाहणी सुरू झाली, ब्रिटनमध्ये 2005 पासून राष्ट्रीय विद्यार्थी सर्वेक्षण होऊ लागले. भारतात तिला खरी चालना मिळाली ती 1994 मध्ये बंगळुरूत स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन आणि मान्यता परिषदेमुळे, म्हणजे नॅकमुळे. मूल्यांकनाला सामोरे जाणाऱ्या महाविद्यालयाने विद्यार्थ्यांचे अभिप्राय घ्यावेत, त्यांचे विश्लेषण करावे आणि त्यावर काय केले तेही दाखवावे, अशी अपेक्षा निकषांत आली. महाराष्ट्रात मूल्यांकित महाविद्यालयांची संख्या मोठी असल्याने फीडबॅक फॉर्म, आयक्यूएसी म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष आणि त्यांच्या फायली इथल्या प्राध्यापकांच्या रोजच्या बोलण्यात आल्या. 2017 च्या सुधारित चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आले. अभ्यासक्रम वर्गात किती टक्के शिकवून झाला, हा त्यातला पहिला प्रश्न. शेवटी सुधारणेसाठी सूचना लिहायला मोकळी जागा. तंत्रशिक्षणात अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) 2019 च्या नियमांत विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाला प्राध्यापकांच्या गुणांकनातच स्थान दिले. जिथे अहवाल मूल्यांकनाच्या तारखेसाठी तयार होतो आणि नंतर कपाटात जातो, तिथे मात्र विद्यार्थी आणि प्राध्यापक दोघांचाही त्यावरचा विश्वास उडतो.

शिकवणे सुधारण्याच्या कामी या साधनाचा इतिहास अधिक आश्वासक आहे. कोहेन यांनीच 1980 मध्ये सत्राच्या मध्याला मिळालेल्या अभिप्रायाचा परिणाम तपासला होता. नुसते आकडे हाती पडलेल्या प्राध्यापकांत सुधारणा थोडी झाली. आकड्यांवर जाणत्या सल्लागाराशी बसून चर्चा झाली, तिथे ती ठळक झाली. याच दिशेने वॉशिंग्टन विद्यापीठात जोसेफ क्लार्क आणि सहकाऱ्यांनी एक वेगळी रीत बसवली. सत्राच्या मध्याला प्राध्यापक वर्गाबाहेर जातो आणि एक सहकारी आत येतो. विद्यार्थी लहान गटांत बसून शिकायला कशाने मदत होते, कशाने अडचण येते आणि काय बदलता येईल, यावर एकमत करतात. सहकारी ते टिपून प्राध्यापकाशी बोलतो, आणि पुढच्या तासाला प्राध्यापक विद्यार्थ्यांना सांगतो की कोणत्या सूचना अमलात येतील, कोणत्या नाहीत आणि का.

शंभर वर्षांच्या या अनुभवातून काही गोष्टी पक्क्या झाल्या आहेत. आवाज पोहोचला का, फळ्यावरचे दिसले का, वही वेळेत परत मिळाली का, शंका विचारायला धीर झाला का, हे विद्यार्थ्यांइतके कोणीच सांगू शकत नाही. पाठ्यक्रम अद्ययावत आहे का, प्राध्यापकाचे विषयज्ञान सखोल आहे का, हे मात्र त्या विषयाचे जाणकारच ठरवू शकतात. म्हणून नेमणूक-पदोन्नतीच्या निर्णयात अभिप्रायासोबत सहकाऱ्यांनी वर्गात बसून केलेले निरीक्षण, अभ्याससाहित्य आणि विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष काम पाहिले पाहिजे. काही मोजक्या उत्तरांची सरासरी दशांश चिन्हापर्यंत ताणून कोणाची नोकरी ठरवणे अन्यायाचे आहे. आणि अभिप्राय सत्र संपल्यावर न घेता मध्येच घेतला, तर तो लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनाच त्याचा लाभ मिळतो.