'शॉक', शब्द आणि ठाणे

आम्ही कोलशेतला राहतो असे सांगितले की पाहुणे हमखास विचारतात, "म्हणजे ठाण्यालाच ना?" आणि हसतात. या हसण्यामागे १९०१ साली स्थापन झालेले ठाण्याचे मनोरुग्णालय आहे. 'याला ठाण्याला पाठवा' आणि 'याला शॉक द्या' या वाक्प्रयोगांची मराठीत जोडीच जमली आहे. शॉकने माणूस सारे विसरतो आणि शॉकनेच विसरलेले सारे आठवते, असे दोन्ही समज आपल्या मनात एकत्र नांदतात. इतिहास काही निराळेच सांगतो.

१९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी विजेने आकडी आणण्याचा उपचार प्रथम माणसावर केला. तीव्र नैराश्यात तो गुणकारी ठरला; पण त्याची किंमत स्मरणशक्तीला मोजावी लागे. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचे ठाणे डाव्या बाजूस असते. १९५८ साली लँकास्टर, स्टाइनर्ट आणि फ्रॉस्ट यांनी प्रवाह केवळ दुसऱ्या बाजूने देऊन पाहिला. या पद्धतीत शब्दांची स्मृती अधिक सुरक्षित राहते, हे पुढे दिसून आले. नवे शब्द लक्षात ठेवण्याची शक्ती बहुधा काही आठवड्यांत परतते. उपचाराच्या आधीच्या काळातील स्वतःच्या आयुष्याच्या आठवणी मात्र काहींच्या बाबतीत कायमच्या जातात. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्यावाचून हा उपचार करण्यास मनाई केली आहे.

विजेचा दुसरा प्रयोग याहून अगदी वेगळा, आकडी न आणणारा. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत तपासणीसाठी आधीच बसवलेल्या तारांतून सौम्य प्रवाह सोडून त्यांना शब्दांच्या याद्या आठवायला सांगितल्या गेल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात, स्मृतीचे केंद्र मानल्या गेलेल्या हिप्पोकॅम्पसलाच प्रवाह दिला असता आठवण उलट खालावली. २०१८ साली पेनसिल्व्हानियातील मायकेल कहाना यांच्या गटाने कानशिलामागच्या भागात, आणि तोही मेंदू शब्द नीट टिपत नाही असे संगणकाला जाणवेल त्याच क्षणी, प्रवाह दिला. तेव्हा २५ रुग्णांत शब्दांचे स्मरण सुमारे १५ टक्क्यांनी सुधारले.

म्हणजे जागा आणि वेळ यांवर सारे अवलंबून. आमच्या परिचयातील एका घरात निव्वळ 'शॉक' या शब्दाच्या धास्तीने आजारी बाईंचा उपचार वर्षभर लांबला. त्या घराला ती धास्ती आपल्या विनोदांनीच पुरवली होती. भाषा शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांनी तरी हा शब्द यापुढे जपून वापरावा.