शब्दाला धक्का न लावता

पेण तालुक्यातल्या आगरी लग्नात धवलारणीचा मान मोठा. ती धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाते आणि त्या गाण्यावर विधी पुढे सरकतो. साथीला ना सनई, ना ढोलकी. आवाज आणि शब्द, एवढंच तिचं भांडवल. तिकडे रोह्यात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी निघते. देवाला पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते आणि मग खालूबाजाची सनई आणि ढोल यांनी गल्ल्या भरून जातात. तिथे शब्दाला जागाच नाही, सगळी भिस्त वाद्यांवर. एकाच जिल्ह्यात, तासाभराच्या अंतरावर, संगीताच्या या दोन तऱ्हा नांदत आल्या आहेत.

शब्द आणि वाद्य या दोन तऱ्हांची सांगड घालायचा ज्याने आयुष्यभर प्रयत्न केला, तो संगीतकार पेणचाच. यशवंत देव यांचा जन्म १ नोव्हेंबर १९२६चा, पेणमधला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचं नभोवाणी केंद्र सुरू झालं, तेव्हा ते पुरते नऊ महिन्यांचेही नव्हते. पुढे हीच नभोवाणी त्यांची कर्मभूमी झाली.

देवांची सुरुवात सतारवादक म्हणून झाली, याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. द्यायला हवं. सतारीवर तार बाजूला खेचली की एका स्वरातून दुसरा स्वर उमलतो, मधली वाट ऐकू येते. पेटीवर ही सोय नाही. एक पट्टी सोडायची, दुसरी दाबायची, मधलं सगळं गायब. ज्याचा हात आधी तारेवर फिरला, त्याला गाण्यातल्या या मधल्या वाटा दिसणारच.

पेटीवरचा हा आक्षेप सरकारदरबारी पोहोचवणाऱ्यांत एक इंग्रज होता. जॉन फोल्ड्स हा मँचेस्टरचा संगीतकार. त्याचं ‘वर्ल्ड रिक्विएम’ १९२३पासून सलग चार वर्षं पहिल्या महायुद्धाच्या समाप्तिदिनी रात्री लंडनमध्ये झालं, पहिल्यांदा रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, गायक-वादक मिळून सुमारे १२०० जणांचा ताफा घेऊन. एवढा मोठा ताफा हाताळलेला हा माणूस १९३५मध्ये भारतात आला, दिल्लीच्या नभोवाणीत पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला आणि देशी वाद्यांचा वृंद बांधू लागला. पेटीच्या ठरीव स्वरांवर त्याने १९३८मध्ये जाहीर टीका केली. १९३९मध्ये कलकत्त्यात तो वारला आणि १ मार्च १९४०पासून नभोवाणीवर पेटीला बंदी आली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं.

मराठी भावगीतासाठी ही गोष्ट साधी नव्हती. घरोघरी चाल बांधली जायची ती पेटीवर. आकाशवाणीच्या स्टुडिओत मात्र तीच पेटी दाराबाहेर. ती पोकळी व्हायोलिन, सारंगी, बासरी यांनी भरून काढली. बंदी अन्यायाचीच होती, कितीतरी पेटीवाल्यांची रोजीरोटी तिने हिरावली. पण त्या काळातल्या मराठी सुगम संगीतात तारेचा आणि फुंकीचा ओलावा आला, त्यात या सक्तीचाही वाटा असावा. १९५२मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले, त्यांनी सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार केली आणि त्यांच्या जागी केंद्राकेंद्रांवर सुगम संगीत उभं राहिलं. त्याच वर्षी दिल्लीत रविशंकरांच्या हाताखाली आकाशवाणीचा वाद्यवृंद सुरू झाला. मुंबई केंद्राच्या ‘भावसरगम’सारख्या सुगम संगीताच्या कार्यक्रमाला जमीन मिळाली ती अशी.

सिंफनी लिहिणारा पाश्चात्त्य संगीतकार कोऱ्या कागदावर प्रत्येक वाद्याची ओळ स्वतः लिहितो. देवांसमोरचा कागद कोरा नसायचा. त्यावर पाडगावकरांची, शांता शेळक्यांची कविता असायची. ‘शब्दप्रधान गायकी’ हे त्यांच्या पुस्तकाचं नाव, आणि तीच त्यांची काम करायची रीत. कविता नीट वाचली की तिची चाल तिच्यातच सापडते, असं मानणारी.

म्हणजे नेमकं काय? “आज तू येशील ना?” हे बोलण्यातलं साधं वाक्य घ्या. भर ‘आज’वर दिला तर काल फसगत झालेली असते. ‘तू’वर दिला तर दुसऱ्या कुणाचं येणं मोलाचं नसतं. आणि ‘ना’वर रेंगाळलं की आवाजात धास्ती उतरते. तबल्याची सम यांतल्या कुठल्या शब्दावर आणायची, हे ठरलं की गाण्याचा अर्थ ठरला. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. सूर लांबवायच्या नादात ‘दिन’ ताणला तर ‘दीन’ होतो, दिवसाचा भिकारी होतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. त्यात वाद्यांना मिरवायला वाव थोडाच, आणि एक शब्द वाया गेला तर भरून काढायला जागा नाही.

अरुण दातेंच्या आवाजातलं ‘भातुकलीच्या खेळामधली’ या दृष्टीने पुन्हा ऐकावं. पाडगावकरांनी राजाराणीची अधुरी कहाणी सांगितली आहे, आणि देवांची चाल कुठेही दुःखाचा गाजावाजा करत नाही. कथा सांगणाऱ्याच्या संथ लयीत ती चालत राहते, म्हणून तर चटका बसतो.

देव स्वतः कवीही होते. १९६५च्या ‘कामापुरता मामा’मधलं लताबाईंचं ‘जीवनात ही घडी’ शब्दांनी आणि सुरांनीही त्यांचंच. उलट ‘स्वर आले दुरुनी’चे शब्द त्यांचे, चाल प्रभाकर जोगांची आणि आवाज सुधीर फडक्यांचा. जोग म्हणजे ज्यांच्या व्हायोलिनमधून अक्षरं ऐकू येतात असं लोक म्हणत, ते. नामवंत संगीतकार असूनही आपले शब्द दुसऱ्याच्या हाती निर्धास्त सोपवणं सोपं नसतं. पुढे नवोदितांसाठी त्यांनी कार्यशाळा घेतल्या, गावोगावी आणि परदेशातही.

३० ऑक्टोबर २०१८ रोजी, ब्याण्णवाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, मुंबईत ते गेले.

पेणकडच्या मांडवात आता बेंजो आणि डीजे आले आहेत. पण ज्या घरात अजून धवलारणीला बोलावणं जातं, तिथे ती गायला बसली की कुणीतरी उठून डीजे बंद करतं, कारण तिचे शब्द कानावर पडल्याशिवाय हळदीला हात लागत नाही.