भायखळ्याचा चित्रकार मास्तर

1858 च्या ऑगस्टमध्ये हेन्री ग्रेचे शरीररचनेचे पुस्तक लंडनच्या दुकानांत आले, तेव्हा त्यातली चित्रे काढणारा माणूस मुंबईत होता. हेन्री व्हँडाइक कार्टर, वय 27. त्याच वर्षी तो बोटीने इकडे आला होता आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला होता. पद होते ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचा प्राध्यापक. आज नर्सिंगच्या मुली पहिल्या वर्षाला ज्या जोडनावाचा विषय घोकतात, तीच ही जोडी.

कार्टर चित्रकाराचा मुलगा. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये वैद्यकी शिकताना ग्रेशी त्याची ओळख झाली. विद्यार्थ्यांना परवडेल आणि उपयोगी पडेल असे एक पुस्तक दोघांनी मिळून काढावे, हा विचार ग्रेने 1855 मध्ये त्याच्यापुढे मांडला. पुढची सुमारे दीड वर्षे दोघे विच्छेदनाच्या टेबलावर झुकलेले असत. ग्रे लिहीत होता आणि कार्टर काढत होता. चित्रे कागदावर काढून भागणार नव्हते. छपाईच्या लाकडी ठोकळ्यावरच, तीही उलटी, आरशात दिसतात तशी काढायची होती. उजवा हात डाव्या बाजूला आणि यकृत भलतीकडे. अशी 363 चित्रे झाली. त्यांतले बरेच ठोकळे पानाच्या ठरलेल्या मापापेक्षा मोठे निघाले आणि छापणाऱ्यांना घोर लागला. वाचकाला मात्र त्या मोठेपणाचा फायदाच झाला.

या पुस्तकाचे खरे शहाणपण एका साध्या गोष्टीत आहे. त्या काळच्या बहुतेक पुस्तकांत अवयवांवर बारीक अक्षरे नाहीतर आकडे असत, आणि त्यांचा उलगडा खालच्या यादीत. विद्यार्थ्याची नजर सारखी वर-खाली पळायची. कार्टरच्या चित्रांत स्नायूचे नाव स्नायूवरच, धमनीचे नाव धमनीच्या कडेने धावते. नाव आणि जागा एकदमच डोक्यात शिरतात. व्हायवात समोर हाड ठेवून परीक्षकाने बोट टेकवले की आठवायचे असते तेही असेच, यादीतून नव्हे. शिकणाऱ्याची अडचण स्वतः अनुभवलेल्या माणसालाच हे सुचते, असे मला वाटते.

मोबदला मात्र सारखा मिळाला नाही. ग्रेला खपावर पैसे मिळायचे ठरले आणि कार्टरला एकरकमी 150 पौंड. मुखपृष्ठाच्या आतल्या पानाचे प्रूफ आले तेव्हा दोघांची नावे सारख्याच ठळक टाइपात होती. कार्टरचे नाव लहान करावे, अशी खूण ग्रेने प्रुफावर केली. 1861 मध्ये ग्रे देवीच्या रोगाने गेला, अवघ्या 34 व्या वर्षी. पुस्तकाला त्याचे नाव कायमचे चिकटले.

कार्टर मुंबईत आला तोवर इथे शरीररचनेच्या शिक्षणाला थोडा इतिहास होता. 1826 मध्ये जॉन मॅकलेनन यांनी इथे देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी शाळा काढली आणि त्यासाठी मराठी पुस्तकेही तयार करवून घेतली. 1832 मध्ये ती बंद पडली. मराठीतून शरीरशास्त्र शिकवण्याचा तो प्रयोग आणखी वीस वर्षे चालला असता तर आज आपल्या परिभाषेचे रूप काय असते, हा प्रश्न मला सोडत नाही. 1845 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज इंग्रजीतून सुरू झाले. 1851 मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात भाऊ दाजी लाड होते. कार्टर आला तो या पायवाटेवर. तेव्हा फॉर्मॅलिन नव्हते, प्रेत टिकवायचा तो उपाय 1890 च्या दशकातला. भायखळ्याच्या उकाड्यात एक देह किती दिवस हाताळता येत असेल, याची कल्पना डिसेक्शन हॉलमध्ये उभे राहिलेल्या कुणालाही करता येईल.

1863 मध्ये कार्टर सिव्हिल सर्जन म्हणून साताऱ्याला गेला आणि जवळजवळ दहा वर्षे तिथे राहिला. अनवाणी रानात वावरणाऱ्यांच्या पायाला होणारा, मांस-हाडे पोखरणारा ‘मदुरा फूट’ हा रोग बुरशीमुळे होतो, हे त्याने आधीच मुंबईत ताडले होते आणि त्या रोगाला मायसेटोमा हे नाव दिले होते. त्यावरचा सचित्र ग्रंथ 1874 मध्ये निघाला. कुष्ठरोगाचा अभ्यास करायला तो नॉर्वेला जाऊन आला. 1877 मध्ये दुष्काळाने गांजलेले लोक मुंबईत लोटले आणि उलटून येणाऱ्या तापाची साथ आली, तेव्हा रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे जंतू त्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिले. त्या तापाने त्यालाही गाठले. बरा होऊन तो पुन्हा कामाला लागला.

कार्टरच्या चित्रांत आणखी एक माणूस आहे, ज्याचे नाव कुठल्याच पानावर नाही. 1832 च्या इंग्रजी कायद्याने इस्पितळात किंवा गरीबखान्यात मेलेल्या आणि कुणी न्यायला न आलेल्या माणसांचे देह शिकण्यासाठी देता येत. त्यांच्याच हातांच्या शिरा आणि मणके आपण पाठ करतो. आपल्याकडेही 1949 च्या बॉम्बे ॲनाटॉमी ॲक्टने बेवारस देह कॉलेजांना मिळू लागले. आता देहदानाचा फॉर्म स्वखुशीने भरणारे लोक आहेत, आणि बऱ्याच कॉलेजांत पहिल्या दिवशी विद्यार्थी त्या देहासमोर हात जोडून शपथ घेतात.

कार्टर 1888 मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला परतला आणि 1897 मध्ये स्कारबरो इथे क्षयाने वारला. पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या निघतच राहिल्या आणि त्याच्या चित्रांची जागा हळूहळू रंगीत चित्रांनी घेतली. भारतातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या टेबलावर आता बहुधा चौरासियांचे पुस्तक असते. त्यातही नाव अवयवाशेजारी लिहिलेले असते, आणि मुले ते बोट ठेवून वाचतात.