यंत्रयुगांतील परकायाप्रवेश

परकायाप्रवेशाची कल्पना मराठी वाचकाला नवी नाहीं. वादांत उपस्थित झालेल्या प्रश्नाचें उत्तर मिळविण्यासाठीं शंकराचार्यांनीं अमरुक राजाच्या मृत देहांत प्रवेश केल्याची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आहे. आणि स्त्रीराज्यांत रमून स्वतःला विसरलेल्या मच्छिंद्रनाथांना गोरक्षनाथांनीं कसें जागें केलें, तेंहि नाथपंथाच्या कथांतून घरोघर पोहोंचलें आहे. ह्या दोन्ही कथांत एक समान इशारा आहे. परक्या देहांत वा परक्या जगांत शिरणें एक वेळ साधेल, परंतु तेथून स्वतःची ओळख शाबूत राखून परत येणें महाकठीण होय. हाच इशारा एकविसाव्या शतकांत एका अगदीं निराळ्या देशांत, निराळ्या साधनानें पुन्हां दिला गेला. तो देश पोलंड, आणि तें साधन म्हणजे संगणकावर खेळावयाचा एक खेळ.

पोलंडमधील क्राकोव ह्या प्राचीन शहरांत २००८ सालीं स्थापन झालेल्या ‘ब्लूबर टीम’ नांवाच्या संस्थेनें १५ ऑगस्ट २०१७ रोजीं ‘ऑब्झर्व्हर’, म्हणजे ‘निरीक्षक’, हा खेळ प्रसिद्ध केला. अशा जातीच्या खेळांत पडद्यावर नायक दिसत नाहीं. नायकाच्या डोळ्यांना जें दिसेल तेवढेंच खेळणाऱ्याला दिसतें. खेळणाऱ्यानें कळ दाबली कीं नायकाचा हात पुढें होतो, दार ढकललें जातें, आणि दारामागें जें असेल त्याला तोंड द्यावें लागतें. नाटकाचा प्रेक्षक डोळे मिटून घेऊं शकतो, कादंबरीचा वाचक चार पानें गाळूं शकतो. येथें मात्र भीतीकडे एकेक पाऊल टाकीत जाण्याचें काम खेळणाऱ्यालाच करावें लागतें. भयकथेचा हा नवा प्रकार प्रभावी ठरला, त्याचें मर्म ह्या सक्तींत आहे.

खेळाचा काळ इसवी सन २०८४, स्थळ क्राकोवच. मनुष्यांनीं आपल्या शरीरांत व मेंदूंत यंत्रें बसवून घेतलेलीं आहेत. त्या यंत्रांतून पसरलेल्या एका साथीनें हजारोंचा बळी घेतला आहे. युद्धानें पूर्व आणि पश्चिम दोन्ही उद्ध्वस्त झालीं आहेत. आणि ‘पांचवें पोलिश प्रजासत्ताक’ हें भव्य नांव धारण करणाऱ्या राज्याची सारी सत्ता ‘कायरॉन’ नांवाच्या एका कंपनीच्या हातीं गेली आहे. नागरिकांचे अ, ब आणि क असे वर्ग पाडलेले आहेत. डॅनियल लाझार्स्की हा ह्या कंपनीच्या पोलीसखात्यांतील वृद्ध निरीक्षक. संशयिताच्या मेंदूशीं आपला मेंदू तारेनें जोडून त्याच्या आठवणी उकरून काढण्याचा अधिकार त्याला कायद्यानें दिलेला आहे. दीर्घकाळ दुरावलेल्या मुलाचा, अ‍ॅडमचा, अचानक निरोप येतो. त्याचा माग काढीत तो क वर्गाच्या वस्तींतील एका जुनाट इमारतींत येतो, आणि तेथें त्याला शिर नसलेलें प्रेत सांपडतें. तोंच इमारतीचीं दारें आपोआप बंद होतात व आंतले सारे रहिवासी, निरीक्षकासह, कोंडले जातात.

येथवरची कथा गुप्तहेरकथेसारखी आहे. परंतु निरीक्षक एकेका मरणोन्मुख वा मृत माणसाच्या मेंदूंत शिरूं लागतो, तेव्हां तिचें रूप पालटतें. आठवणी सलग येत नाहींत. घराच्या खोलीचें दार कार्यालयांत उघडतें, कार्यालयाचें दार अरण्यांत. भिंती वितळतात, तीच बोळ पुन्हां पुन्हां समोर येते. स्वप्नांत जसा कार्यकारणभाव सुटतो आणि भावना तेवढी तीव्र राहते, तसेंच हें जग रचलेलें आहे. प्रत्येक प्रवेशानंतर लाझार्स्कीच्या स्वतःच्या दृष्टींत भंग पडूं लागतो. त्याला औषध टोंचून घ्यावें लागतें; तें न घेतल्यास समोरचें दृश्य फाटूं लागतें. अखेरअखेर कोणती आठवण मृताची आणि कोणती निरीक्षकाची, हेंच कळेनासें होतें. गोरक्षनाथाची हांक मारणारें मात्र येथें कोणी नाहीं.

हा खेळ केवळ कल्पनेच्या भरारींतून निर्माण झालेला नाहीं. त्याची एक वाङ्मयीन वंशावळ आहे, आणि एक राजकीयहि. वाङ्मयीन वंशावळीचा आरंभ येवगेनी झाम्यातिन ह्या रशियन लेखकापासून धरतां येतो. १९२०-२१ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आम्ही’ ह्या कादंबरींत त्यानें कांचेच्या भिंतींच्या घरांत राहणारी, नांवांऐवजीं आंकडे धारण करणारी प्रजा रंगविली. ती कादंबरी १९२४ सालीं इंग्रजी भाषांतराच्या रूपानें प्रथम प्रकाशांत आली. लेखकाच्या मायदेशीं छापली जाण्यास १९८८ साल उजाडावें लागलें. जॉर्ज ऑर्वेलनें १९४६ सालीं तिचें परीक्षण लिहिलें, आणि ८ जून १९४९ रोजीं त्याची स्वतःची ‘नाइन्टीन एटी-फोर’ प्रसिद्ध झाली. ‘ऑब्झर्व्हर’चा काळ त्या सालाच्या बरोबर शंभर वर्षें पुढचा आहे.

ह्या ऑर्वेलचा मराठीशीं आलेला संबंध विसरण्याजोगा नाहीं. बिहारमधील मोतीहारी येथें १९०३ सालीं जन्मलेला हा लेखक १९४१ ते १९४३ ह्या काळांत बी. बी. सी.च्या पूर्वविभागांत हिंदुस्थानासाठीं कार्यक्रम तयार करीत होता. त्यानें लिहिलेल्या युद्धवार्तापत्रांचा अनुवाद मराठींतहि ध्वनिक्षेपित होत असे, आणि वेणू चितळे ह्या मराठी लेखिका तेथें त्याच्या सहकारी होत्या. कादंबरींतील ‘एकशें एक क्रमांकाची खोली’ हें छळाच्या परमावधीचें नांव त्याला बी. बी. सी.मधील कंटाळवाण्या बैठकींच्या एका खोलीवरून सुचलें, असें मानलें जातें. युद्धकाळांत ध्वनिक्षेपणाच्या दोन्ही बाजू त्यानें पाहिल्या. एकाच आवाजानें लाखोंना जागें करतां येतें, तसें गुंगवितांहि येतें. पुढें कादंबरींत त्यानें ह्या यंत्राला ऐकण्याची आणि पाहण्याची शक्ति दिली, तेव्हां भिंतीला कान असतात ही म्हण अक्षरशः खरी झाली.

पोलंडांत ही म्हण अलंकारिक उरली नव्हती. ऑर्वेलची कादंबरी पोलिश भाषेंत १९५३ सालीं प्रसिद्ध झाली ती पॅरिसमधील निर्वासितांच्या प्रकाशनसंस्थेकडून. मायदेशांत ती चोरून वाचावी लागे. १३ डिसेंबर १९८१ रोजीं, रविवारीं सकाळीं, जनरल यारुझेल्स्की ह्यांनीं दूरचित्रवाणीवरून लष्करी कायदा पुकारल्याचें जाहीर केलें, तेव्हां लोकांच्या घरांतील टेलिफोन मुके झालेले होते. रात्रीची संचारबंदी आली, शहराबाहेर जाण्यास परवाने लागूं लागले, ‘सॉलिडॅरिटी’ ह्या कामगारसंघटनेचे हजारों कार्यकर्ते स्थानबद्ध झाले. पुढें टेलिफोन सुरू झाले, तेव्हां संभाषणाच्या मध्येंच ध्वनिमुद्रित आवाज ऐकूं येई: संभाषणावर नजर आहे. चोरून ऐकणाऱ्यानें आपण ऐकत आहों हें स्वतःच सांगावें, ही एक विलक्षण गोष्ट होती. प्रत्येक शब्द ऐकला जातो कीं नाहीं ह्याला महत्त्व नव्हतें. प्रत्येक शब्द उच्चारतांना माणसानें स्वतःचा पहारेकरी व्हावें, एवढें पुरेसें होतें. लष्करी कायदा २२ जुलै १९८३ रोजीं उठला. १९८९ च्या जूनमधील निवडणुकीनंतर ती राजवटहि गेली. परंतु गुप्तपोलिसांचीं दप्तरें मागें राहिलीं, आणि शेजारी, सहकारी, क्वचित् आप्तहि त्यांत खबऱ्या म्हणून नोंदलेले आढळले. सत्ता गेल्यानंतरहि एका पिढीच्या आठवणी अशा रीतीनें दूषित झाल्या.

क्राकोवच्या शेजारींच १९४९ पासून उभारलेली नोवा हुता ही पोलाद-कारखान्याची आदर्श नगरी आहे. नवा माणूस घडविण्यासाठीं ती वसविण्यांत आली; पण चर्च नसलेल्या त्या नगरींत क्रूस उभा ठेवण्यासाठीं १९६० सालीं रहिवासी पोलिसांशीं झुंजले, आणि पुढें तेथील कामगारच राजवटीविरुद्ध उभे राहिले. ‘ऑब्झर्व्हर’मधील भविष्यकाळ ह्या भूतकाळाच्या सामानानेंच सजविलेला आहे. चकाकणाऱ्या प्रकाशचित्रांच्या शेजारीं पोपडे उडालेल्या भिंती, झिजलेले जिने आणि पोटफुगे जुने पडदे आहेत. रहिवाशांपैकीं बहुतेकजण बंद दारामागूनच बोलतात. कोणी घाबरलेला, कोणी चिडलेला, कोणाला बाहेरच्या माणसाशीं बोलावयाचेंच नाहीं. निरीक्षकाला संगणकांवर एक लहानसा खेळहि सांपडतो, आणि त्याचें नांव हेन्रिक शेन्केविच ह्या नोबेल पारितोषिकविजेत्या पोलिश लेखकाच्या ‘अग्नि आणि खड्ग’ ह्या १८८४ सालच्या कादंबरीवरून घेतलेलें आहे. ज्या कादंबरीनें परतंत्र राष्ट्राला धीर दिला, तिच्या नांवाखालीं आतां कोळी मारावयाचे! राष्ट्रीय स्मृतीची ही विटंबना हेतुपुरस्सर आहे. तिच्यांत विनोद आहे, तसें दुःखहि.

स्वप्न आणि सत्य ह्यांची सरमिसळ करण्याचा वारसा मात्र ह्या शहराला आणखी एका लेखकाकडून मिळाला. स्तानिस्वाव लेम दुसऱ्या महायुद्धानंतर ल्वोव सोडून क्राकोवला आले आणि २००६ सालीं तेथेंच निवर्तले. १९७१ सालच्या ‘भविष्यशास्त्र परिषद’ ह्या त्यांच्या कथेंत औषधांच्या जोरावर साऱ्या समाजाला वैभवाचें स्वप्न दाखविलें जातें, आणि एक औषध उतरलें कीं खालचें दारिद्र्य दिसतें. जागें होण्याच्या प्रत्येक प्रयत्नांत माणूस दुसऱ्या स्वप्नांत जागा होतो. लाझार्स्कीची अवस्था ह्याहून वेगळी नाहीं.

ह्या वृद्ध निरीक्षकाला आवाज आणि चेहरा देण्यासाठीं योजलेला नट होता रुटगर हाऊर. ‘ब्लेड रनर’ ह्या १९८२ सालच्या चित्रपटांत ह्याच डच नटानें पोलिसांकडून पाठलाग होणाऱ्या कृत्रिम मानवाची भूमिका केली होती, आणि आपल्या आठवणी आपल्याबरोबर नष्ट होतील ह्या त्याच्या अखेरच्या शोकानें प्रेक्षक हेलावले होते. पस्तीस वर्षांनीं तोच आवाज आठवणींवर धाड घालणाऱ्या पोलिसाच्या तोंडीं आला. त्या चित्रपटाचा कल्पित काळ २०१९ हा होता. हाऊरचें निधनहि १९ जुलै २०१९ रोजींच झालें. पुढच्याच वर्षीं ‘ऑब्झर्व्हर’ची सुधारलेली आवृत्ति निघाली.

अशा खेळांना करमणुकीपलीकडे कांहीं अर्थ आहे काय, असा प्रश्न सुज्ञ गृहस्थास पडणें स्वाभाविक आहे. पोलंडनें त्याचें उत्तर आपल्या परीनें दिलें: वेढलेल्या शहरांतील नागरिकांचे हाल दाखविणारा ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा खेळ तेथील सरकारनें २०२० सालीं शाळांच्या पूरक वाचनाच्या यादींत समाविष्ट करण्याचें जाहीर केलें. ‘ऑब्झर्व्हर’ जो प्रश्न विचारतो, तो तर महाराष्ट्रांतील न्यायालयांतहि विचारला गेलेला आहे.

२००८ सालच्या जून महिन्यांत पुण्याच्या सत्र न्यायालयानें एका खून-खटल्यांत दोषी ठरवितांना जो पुरावा विचारांत घेतला, त्यांत मेंदूच्या विद्युत्-लहरींची चांचणीहि होती. अशा चांचणींत आरोपी डोळे मिटून बसतो, डोक्यावर तारा लावलेल्या असतात, त्याला वाक्यें ऐकविलीं जातात; तो तोंडानें अक्षरहि उच्चारीत नाहीं, आणि यंत्र मात्र, त्यानें ती घटना अनुभवली आहे किंवा नाहीं, हें सांगण्याचा दावा करतें. जगभर त्या निकालाची चर्चा झाली. ५ मे २०१० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ ह्या प्रकरणांत निर्णय दिला कीं, संमतीवांचून कोणाचीहि गुंगीच्या औषधाखालीं तपासणी, असत्यशोधन वा मेंदूची चांचणी करतां येणार नाहीं. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या घटनादत्त हक्काचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा तो भंग होय. २०२१ सालीं चिली ह्या देशानें तर मेंदूच्या व्यापाराला व त्यांतून मिळणाऱ्या माहितीला संरक्षण देणारी दुरुस्ती आपल्या राज्यघटनेंतच केली.

ह्यावरून विज्ञान हें शत्रु आहे असें अनुमान काढणें चुकीचें होईल. मेंदूंत बसविलेल्या सूक्ष्म तारांच्या साह्यानें, हातपाय लुळे पडलेल्या एका तरुणानें २००४ सालीं अमेरिकेंत केवळ विचारानें संगणकाच्या पडद्यावरील खूण हालविली. त्याच्यासारख्यांना हें यंत्र शाप नसून आधार आहे. भेद यंत्रांत नाहीं. दार आंतून उघडलें कीं बाहेरून फोडलें, ह्यांत आहे.

खेळाच्या शेवटीं हाच भेद लाझार्स्कीपुढें येऊन उभा राहतो. जन्मभर परक्यांच्या मनांचीं दारें फोडीत आलेल्या त्या माणसाकडे त्याच्या मुलाची, देह गमावून यंत्रांत उरलेली, जाणीव आश्रय मागते: मला तुझ्या मनांत येऊं दे. ह्या वेळीं होय किंवा नाहीं म्हणण्याचा अधिकार त्याचा स्वतःचा असतो, आणि तो खेळणाऱ्यालाच बजावावा लागतो. ज्यांची दारें त्यानें फोडलीं, त्यांपैकीं एकालाहि हा प्रश्न विचारण्यांत आला नव्हता.